पुलाचे दोन रुपये

सव्वीस जानेवारीला झेंडा चढला,
पोरांना बुंदी वाटली, आणि ग्रामसभा बसली
शाळेच्या व्हरांड्यात,
उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत सरकत.

सचिवांनी विषय क्रमांक चार वाचला:
गुरुवारच्या बाजारात टोपलीमागे दोन रुपये जास्त,
हातगाडीला दहा, बकरा विकला तर वीस,
तीन वर्षं, फक्त रपट्यासाठी.

रपटा गेला तो परवाच्या साली, तान्ह्या पोळ्याच्या रात्री.
तेव्हापासून एष्टी पलीकडच्या मोहाखाली वळते
आणि कंडक्टर अशी घंटी मारतो
की जसं जग तिथंच संपलं.

मी ताराचंद गेडेकर, बाजाराच्या पावत्या फाडणारा.
मला हात मोजायला उभं केलं.
माणसांचं सांगता येत नाही,
टोपल्या मात्र मी कधी चुकलो नाही.

'सरकार काहून हाये मंग?'
झिंगर मडावीनं विचारलं, बकऱ्यांच्या वतीनं.
सरपंच वच्छलाबाईंनी फाईल उचलून दाखवली,
सात अर्ज, सात पोच.
एवढी जाड, की खड्ड्यात टाकली असती
तर एखादं चाक तरी निघालं असतं.

शब्बीरभाई म्हणाले, माल डोक्यावर घेऊन नाला उतरतो,
दर खेपेला डझनभर तरी जातात.
'फुटल्या बांगड्यांची पावती कोन फाडते, ताराचंद?'
मी वहीत पाहिलं. वहीत तो रकाना नाही.

मग जागेश्वर नंदनवार उठले, लुगड्यांचे दुकानदार,
आधी टोपी नीट केली.
'रस्ता दोन्हीकडून चालते, बापा.
एष्टी इकडं रिकामी येईन अन् तिकडं भरून जाईन.
तालुक्याला काचेची दुकानं हायेत.
माह्याच पैशानं माही गिऱ्हाइकं पोचवून देता का?'
कोणी हसलं नाही.
पंधरा वर्षं बाजार पाहतो आहे,
त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नसतं.

रेवता नान्हे, सुकटवाली, बसल्या जागेवरून बोलली:
'मले मोतीबिंदू काढाचा हाये.
जाताना नाला दिसते थोडासा.
येताना पट्टी राहीन.'
एवढंच. मग ती पदरातली बुंदी मोजू लागली.

बाजूनं एकसष्ट.
त्यातला एक हात कानापाशीच थांबला होता,
खाजवत होता की मत देत होता, कळेना.
विचारलं तर म्हणाला, 'मोज, पन नाव नोको लिहू.'
विरोधात अठ्ठावन्न.
माझ्या एका हातात वही, दुसऱ्यात पेन.
मला कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

गुरुवारी नवी पावतीपुस्तकं आली नव्हती.
जुन्याच पावत्यांवर निळ्या शाईनं
'अधिक दोन' लिहीत लिहीत
भाजी, मिरची, मडकी, कोंबड्या करत गेलो.
रेवतानं नाणी वेगवेगळी ठेवली तळहातावर:
'हे बसाचे, हे पुलाचे.
एका खिशात टाकू नोको.'
तिच्यासमोर टाकले, डाव्या खिशात.

जागेश्वररावांनी आधी पैसे मोजून दिले.
पावती उलटी करून पुढं धरली.
'मागं लिहून दे, विरोध होता.'
लिहिलं. सहीसुद्धा केली.
त्यांनी शाईवर फुंकर घातली, घडी केली,
बंडीत ठेवली, आणि मी वळलो तेव्हा मागून म्हणाले,
'माहे पैसे गिट्टीत टाकजो.
रेतीत नाही. रेती वाहून जाते.'

शुक्रवारी सकाळी भरणा करायला निघालो,
पँट गुडघ्यापर्यंत, डावा खिसा मुठीत.
नाल्यात पाणी घोट्याएवढंच, पण थंड,
आणि दगड शेवाळलेले.
मोहाखाली एष्टी उभी होती.
चढलो. कंडक्टरनं विचारलं, 'किती?'
मी म्हणालो, 'तीनशे बारा.'
तो माझ्याकडे पाहतच राहिला, हातात तिकीट धरून.